जादू काय करू शकत नाही? मॉडेल बांधणाऱ्यांसाठी एका नियमपुस्तकाची समीक्षा

मागचे काही लेख सिनॉप्सिस, रिसर्च गॅप आणि गृहीतक यांवर झाले. आज एका खेळाच्या नियमपुस्तकाची समीक्षा आहे, आणि तीही त्यातल्या फक्त जादूच्या नियमांची. पेटचा अभ्यास सोडून हे मध्येच काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. 'मॉडेल' हा शब्द आपण प्रस्तावात दहा वेळा लिहितो. पण मॉडेल बांधणं म्हणजे नेमकं काय, हे समजावून सांगायला जादूइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. प्रयोगशाळेत निसर्ग तुमची चूक दाखवून देतो. जादूच्या बाबतीत ते काम करायला निसर्ग नसतो, फक्त टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसं असतात.

ज्यांनी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण गेम मास्टर होतो, तो जग आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी असं करतो' म्हणत गोष्ट पुढे नेतात. करणं जमलं की फसलं हे नियम आणि फासे ठरवतात. जग काल्पनिक असलं तर त्यात बहुतेक वेळा जादू असते, आणि जादूचे नियमही लिहिलेले असतात. काही दिवस दुसऱ्याचे नियम वापरून झाले की गेम मास्टरला स्वतःचे लिहायची हुक्की येते.

ही पहिली वही कशी असते ते सांगतो, कारण बहुतेक वह्या सारख्याच असतात. पहिल्या पानावर जादू काय काय करते याची यादी: आग लावते, उडवते, अदृश्य करते, जखम भरते. दुसऱ्या पानापासून भीती सुरू होते. अदृश्य होता येतं, पण दिवसातून एकदाच. उडता येतं, पण पावसात नाही. जखम भरते, पण स्वतःची नाही. का नाही? तर खेळ बिघडू नये म्हणून. म्हणजे प्रत्येक बंधन हे आधी घडलेल्या किंवा घडू शकणाऱ्या एका भानगडीवर लावलेलं ठिगळ असतं. प्रत्येक विसंगत निरीक्षणासाठी एक नवा पॅरामीटर जोडणारं मॉडेल तुम्ही पाहिलं असेल, तर ही वही तुमच्या ओळखीची आहे. ते मॉडेल जुन्या डेटावर सुंदर बसतं आणि पुढच्या पहिल्याच मोजमापाला कोसळतं.

माझं म्हणणं असं, की सुरुवात उलट्या टोकाने करायला हवी. ही जादू काय होऊ देत नाही आणि जे होऊ देते त्याची किंमत कोणत्या चलनात घेते, एवढं आधी ठरवा. मंत्रांची यादी नंतर. हे तपासायला दोन प्रसिद्ध व्यवस्था घेऊ. पहिलीवर लवकर बोलून दुसरीवर थांबू, कारण समीक्षा तिची करायची आहे.

पहिली अर्थात डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली आला. त्यातली जादू जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून घेतलेली आहे. त्याचं 'द डाइंग अर्थ' 1950 चं. कल्पना अशी, की जादूगाराच्या डोक्यात एका वेळी मोजकेच मंत्र मावतात आणि मंत्र वापरला की तो डोक्यातून पुसला जातो. आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. कर्णाला इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती, आणि या एका अटीपायी युद्धाची अख्खी आखणी वाकते. ती घटोत्कचावर खर्च झाली तेव्हा पांडवांच्या गोटात रडारड आणि कृष्ण मात्र खुशीत. त्या शक्तीची ताकद किती होती हे आपल्याला आठवत नाही, 'एकदाच' हे आठवतं.

खेळात हे 'एकदाच' हळूहळू 'झोपेपर्यंत एकदाच' झालं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या पातळीच्या जादूगाराकडे तिसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट असतात. म्हणजे फायरबॉल, आगीचा गोळा, दोनदा. मग आठ तासांची विश्रांती आणि पुन्हा दोनदा. आता या चलनाचा परिणाम बघा. झोप हीच किंमत असेल तर पात्रं झोपायला बघणार. गुहेत शिरायचं, एका खोलीत सगळे गोळे फेकायचे, बाहेर येऊन तंबू ठोकायचा. जगभरातल्या गेम मास्टरांची ही जुनी तक्रार आहे, आणि ते खेळाडूंना नावं ठेवतात. खेळाडूंचा काय दोष? नियमांनी ज्याला बक्षीस दिलं ते त्यांनी केलं. प्रकाशनांच्या संख्येवर गुण दिले की एका पेपरचे तीन होतात, तसंच हे.

या व्यवस्थेचा दुसरा गुण (की दोष?) म्हणजे तिला सिद्धांतच नाही. प्रत्येक मंत्र हा स्वतंत्र परिच्छेद आहे, स्वतःच्या अटींसह. हे मॉडेल नसून कोष्टक आहे. कोष्टकाला तुच्छ लेखू नका. एक नोंद चुकली तर तेवढीच दुरुस्त करता येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. पण कोष्टकात नसलेल्या गोष्टीबद्दल ते काहीच सांगत नाही. खेळाडूने विचारलं, की मला आग लावायची नाही, चुलीतली आग फक्त थोडी मंद करायची आहे, तर तसा मंत्र यादीत आहे का ते शोधा. नसेल तर गेम मास्टरचा मूड.

एका नोंदीवर मात्र माझा जीव आहे. 1978 च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्लेअर्स हँडबुकमधला फायरबॉल. तिथे आगीचं आकारमान दिलं आहे: साधारण 33 हजार घनफूट. उघड्या मैदानात हा वीस फूट त्रिज्येचा गोळा होतो. सूत्रात घालून बघा, बरोबर जमतं. पण बंदिस्त जागेत आग तेवढीच जागा भरून काढते. दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोगद्यात हा गोळा फेकला तर काय होईल? 33 हजार भागिले शंभर, 330 फूट बोगदा आगीने भरणार. फेकणारा त्याच बोगद्यात उभा असेल तर तोही गेला. 'जादूगाराने स्वतःला जाळून घेऊ नये' असं पुस्तकाला वेगळं सांगावं लागत नाही, किंवा 'बोगद्यात वापरू नये' असं ठिगळ लावावं लागत नाही. एक अचल राशी धरली, बाकी आपोआप निघालं. नंतरच्या आवृत्त्यांनी हे काढून टाकलं. टेबलावर घनफूट मोजत बसणं कंटाळवाणं होतं, हे मान्य. पण त्या एका वाक्यात जेवढं मॉडेल होतं तेवढं आताच्या पानभर मंत्रांत नाही.

आता दुसरी व्यवस्था. 'आर्स मॅजिका', जोनाथन ट्वीट आणि मार्क रीन-हागेन, 1987. मी बोलतोय ती 2004 ची पाचवी आवृत्ती, ॲटलस गेम्सची. जग आहे 1220 सालचं युरोप, पण त्या काळच्या लोकांना ते जसं वाटत होतं तसं. देवदूत खरे, भुतं खरी, आणि भौतिकशास्त्र ॲरिस्टॉटलचं.

इथे मंत्रांच्या यादीआधी व्याकरण आहे. पाच क्रिया: क्रेओ, इंटेलेगो, मुटो, पेर्डो, रेगो. ही लॅटिनमधली प्रथमपुरुषी क्रियापदं आहेत: मी निर्माण करतो, जाणतो, बदलतो, नष्ट करतो, ताब्यात ठेवतो. आणि दहा नामं: प्राणी, पाणी, हवा, मानवी देह, वनस्पती, अग्नी, प्रतिमा, मन, माती आणि दहावं म्हणजे जादू स्वतः. क्रिया आणि नाम जोडलं की जादूचं वाक्य तयार. आग पेटवायची? निर्माण अधिक अग्नी. चूल मंद करायची? नष्ट अधिक अग्नी. माणसाचा लांडगा करायचा? बदल अधिक देह, आणि प्राणी हे नामही सोबत लागतं. दोन नामांत जे कच्चं असेल त्याचा आकडा धरायचा. पंधरा आकड्यांत पन्नास खाने. कोष्टकात नसलेला प्रश्न आला तरी उत्तर कुठे शोधायचं हे ठाऊक असतं. चांगल्या मॉडेलकडून आपण हेच मागतो ना, की न मोजलेल्या बिंदूबद्दल काहीतरी बोल?

व्याकरणाचं कौतुक सगळेच करतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मर्यादांचं प्रकरण. ही जादू ईश्वरी गोष्टींना हात लावू शकत नाही. वस्तूचा मूळ स्वभाव कायमचा बदलू शकत नाही. आत्मा निर्माण करू शकत नाही. काळ मागे-पुढे करू शकत नाही. चंद्राच्या कक्षेपलीकडे तिचा प्रभाव नाही. आणि काही निर्माण केलंच, तर 'व्हिस' नावाचं दुर्मिळ द्रव्य खर्च केल्याशिवाय ते टिकत नाही.

यातली चंद्राची अट बघा. पहिल्या नजरेला ती मनमानी वाटते. पण ॲरिस्टॉटलच्या विश्वात चंद्राखालचं जग बदलणारं, नाशवंत, आणि चंद्रापासून वरचं जग न बदलणारं. बदल घडवणारी कला जिथे बदलच शक्य नाही तिथे चालणार कशी? अट भीतीतून आलेली नाही, जगाच्या रचनेतून आलेली आहे. ठिगळ आणि सीमाअट यांत फरक हाच. सीमाअट काढून टाकली तर नुसता खेळ बिघडत नाही, ते जगच वेगळं होतं. तुमच्या गृहीतकातल्या अटी याच कसोटीवर एकदा घासून बघा. 'फक्त शहरी भागातील' ही अट तुम्ही का घातली? शहरात काहीतरी वेगळं घडतं असं तुमचा सिद्धांत सांगतो म्हणून, की खेड्यात जायला एसटी नीट नाही म्हणून? दुसरं कारण लाजिरवाणं नाही. पण मग ते व्याप्तीत लिहायचं, सिद्धांतात नाही.

आता चलन. आर्स मॅजिकात किंमत प्रामुख्याने ऋतूंमध्ये मोजतात. एक ऋतू म्हणजे तीन महिने. नवा मंत्र शोधायचा तर जादूगार प्रयोगशाळेत बसतो. त्याच्या क्रियेचा आणि नामाचा आकडा, बुद्धी, जादूच्या सिद्धांताचं ज्ञान आणि त्या जागेचा प्रभाव यांची बेरीज काढायची. ही बेरीज मंत्राच्या पातळीपेक्षा जितकी जास्त, तितके गुण त्या ऋतूत जमा. जमा झालेले गुण पातळीइतके झाले की मंत्र तयार. बेरीज 30, मंत्र 20 पातळीचा, तर ऋतूला दहा गुण, दोन ऋतू. बेरीज 24 असेल तर ऋतूला चार, म्हणजे पाच ऋतू, सव्वा वर्ष. आणि बेरीज 20 च असेल तर? शून्य. आयुष्यभर बसलात तरी शून्य. मात्र दुसऱ्या कुणी त्याच मंत्राची प्रयोगशाळेतली टिपणं लिहून ठेवली असतील आणि तुमची बेरीज किमान 20 असेल, तर तोच मंत्र एका ऋतूत येतो.

ज्यांनी प्रवेश घेतलाय ते इथे हसले असतील. सहामाही प्रगती अहवाल लिहिणाऱ्या कुणालाही हे समीकरण समजावून सांगावं लागत नाही. आवाक्याच्या अगदी काठावरचा विषय घेतला की वर्षं जातात आणि हातात चार-चार गुण पडतात. आणि कुणीतरी नीट लिहून ठेवलेली प्रोटोकॉलची वही सव्वा वर्ष वाचवते. वाचनाचेही नियम आहेत. मोठ्या ग्रंथाला एक दर्जा असतो आणि एक पातळी. ग्रंथाच्या पातळीपलीकडे तो तुम्हाला नेऊ शकत नाही. छोटा प्रबंध एकदाच वाचून उपयोगी. या जगातले जादूगार म्हणूनच लढायांपेक्षा पुस्तकांवरून जास्त भांडतात. पात्रं दिवसभर काय करतात, हे चलनाने ठरवलं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जादूगार झोपतो, इथे तो ग्रंथालयात बसतो. आणि पस्तिशीनंतर दरवर्षी म्हातारपणाचा फासा टाकावा लागतो. (माझी पस्तिशी अजून लांब आहे, पण काही सीनियर मंडळींना ही ओळ दाखवणार नाही.)

इतकं कौतुक झाल्यावर आता तक्रारी. त्या किरकोळ नाहीत.

पहिली तक्रार किमतीची. क्रिया असो वा नाम, आकडा वाढवायचा खर्च सारखाच. शून्यावरून 10 वर न्यायला 1 अधिक 2 अधिक 3 असं करत 55 गुण लागतात, 20 वर न्यायला 210. ठीक. पण एक क्रिया वाढवली तर दहा खाने वर येतात. एक नाम वाढवलं तर पाचच. एकाच किमतीला दुप्पट माल. ज्याला एकाच खान्यात पारंगत व्हायचं आहे त्याला फरक पडत नाही, पण थोडं थोडं सगळं करू पाहणाऱ्याला क्रियाच घ्याव्यात असं गणित सांगतं. पाच गुणिले दहाच्या तक्त्यात ही असमानता कागदावर पेन टेकवताच दिसते. ती मुद्दाम ठेवली असेल तर तिचं कारण जगात कुठेतरी दिसायला हवं होतं. मर्यादांच्या प्रकरणात कारणं आहेत, इथे नाहीत.

दुसरी तक्रार मोठी आहे. व्याकरण कोणतं वाक्य शक्य आहे ते सांगतं. ते किती अवघड आहे ते सांगत नाही. मेणबत्ती पेटवणं आणि गाव पेटवणं, दोन्ही 'निर्माण अधिक अग्नी'. अवघडपणा ठरवायला पुस्तकात प्रत्येक खान्यासाठी मार्गदर्शक पातळ्यांचा तक्ता दिला आहे. त्यात अंतर, कालावधी आणि लक्ष्य यांनुसार भर घालायची. भर घालण्याचे नियम सर्वत्र एकसारखे आहेत आणि ते सुरेख चालतात. पण मूळ पातळी? ती लेखकांनी खानेवार ठरवलेली आहे. म्हणजे दारातून बाहेर काढलेलं कोष्टक खिडकीतून परत आलं, फक्त आता त्याचे पन्नास तुकडे आहेत. शिवाय सगळे खाने सारखे भरलेले नाहीत. काहींमध्ये आख्खा खेळ मावतो, काहींकडे वर्षभर कुणी फिरकत नाही.

हे पुस्तकाचं अपयश आहे का? मी बराच काळ हो म्हणत होतो असं नाही, आणि आजही नाही म्हणेन. प्रत्येक सिद्धांताला काही आकडे बाहेरून घ्यावे लागतात. प्रश्न एवढाच असतो, की बाहेरून घेतलेले आकडे किती आणि ते कुठे आहेत हे वाचणाऱ्याला दिसतं का. आर्स मॅजिका ते लपवत नाही. तक्ते समोर आहेत. माझी हरकत तिच्या भक्तांवर आहे, जे 'पंधरा शब्दांत सगळी जादू' असं सांगत फिरतात. पंधरा शब्दांत नाही हो. पंधरा शब्द आणि शेकडो नोंदी.

तिसऱ्या तक्रारीवर लोक माझ्याशी भांडतात. या व्यवस्थेत आयत्या वेळी मंत्र रचता येतो, आणि नवा खेळाडू यायचा तो याच आमिषाने. पण नियम काय सांगतो? समजा क्रिया 8, नाम 7, काटकपणा 2, जागेचा प्रभाव 3, बेरीज 20, फासा पडला 5. आधी शिकलेला मंत्र म्हणायचा तर 25 पूर्ण मिळाले. आयत्या वेळी रचायचा तर निम्मे, साडेबारा, आणि वर थकवा. न थकता रचायचा तर फासाच नाही, 20 भागिले पाच, फक्त चार. बरेच जण म्हणतात, ही फसवणूक आहे. व्याकरण दाखवून वाक्य बोलू देत नाहीत. मला हा भागाकार पुस्तकातला सगळ्यात धीट निर्णय वाटतो. तो नसता तर प्रयोगशाळेत पाच ऋतू घालवायला कुणी गेलं नसतं, ग्रंथ धूळ खात पडले असते आणि सगळं जग कोसळलं असतं. चलनाची किंमत राखायची तर स्वस्त पर्याय खरोखर कमजोर असावा लागतो. तक्रार असेल तर ती एवढीच, की हे कारण पुस्तकाने पहिल्याच पानांत मोकळेपणाने सांगायला हवं होतं.

जाता जाता, याच ट्वीटने पुढे 2000 सालच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीवर मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्यासोबत काम केलं. व्याकरणवाला माणूस कोष्टकाकडे गेला. तेव्हा व्याकरण म्हणजे हुशार आणि कोष्टक म्हणजे बावळट अशी वाटणी करू नका.

मग स्वतःची व्यवस्था कशी बांधायची? एक उदाहरण तुमच्यासमोरच बांधतो. एकच मनाई घेऊ: उष्णता निर्माण होत नाही, फक्त इकडून तिकडे नेता येते. बारावीचं थर्मोडायनॅमिक्स. जादूगाराला एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायचं आहे. 4.18 गुणिले 75, साधारण 314 किलोजूल. कुठून आणणार? स्वतःच्या अंगातून आणलं तर 60 किलोच्या माणसाचं शरीर, विशिष्ट उष्मा सुमारे 3.5 धरला, तर दीड अंशाने थंड होईल. 37 चं साडेपस्तीस. 35 च्या खाली हायपोथर्मिया सुरू होतो. म्हणजे हा महान जादूगार लिटर-सव्वा लिटर चहाचं पाणी तापवून कुडकुडत बसणार. 'दिवसातून एकदाच' असं कुठे लिहावं लागलं का?

आता दुसरीकडून आणा. शून्य अंशाचं एक लिटर पाणी गोठताना 334 किलोजूल सोडतं. म्हणजे एक लिटर गोठवलं की दुसरं एक लिटर उकळतं, जवळजवळ हिशेब चुकता. विहीर ही जादूगाराची तिजोरी झाली. ज्या गावात बारमाही विहीर तिथे जादूगार राहणार, आणि ज्या गावाची विहीर त्याने जानेवारीत गोठवली ते गाव त्याला हाकलणार. वाळवंटात जादूगार दुबळा की ताकदवान? तापलेली वाळू मोजा आणि मला सांगा. समुद्रकाठचे जादूगार अजिंक्य होतील, म्हणून राज्यं किनाऱ्यावर वसतील. एका मनाईतून अर्थव्यवस्था, भूगोल आणि भांडणं निघाली. मंत्र अजून एकही लिहिलेला नाही.

आणि आता हे मोडून बघू, कारण ते मोडतंच. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारणार: शत्रूच्या अंगातली उष्णता काढली तर? दोन अंश, चार अंश, संपला. सगळे मंत्र बाद, फक्त एवढाच उरला. इथे हात शिवशिवतात, 'सजीवांवर चालत नाही' असं ठिगळ लावायला. थांबा. आपलं जग काय म्हणतं? उष्णता वाहते, आणि वाहायला संपर्क लागतो. मग अट अशी: ज्याला हात लागलाय त्यातूनच काढता येते. शत्रूला मिठी मारावी लागेल, आणि तोवर त्याच्या हातातली तलवार रिकामी बसणार नाही. ही अटही संपूर्ण शुद्ध नाही, उन्हाची उष्णता संपर्काशिवायच येते. पण ती जगाच्या तर्काच्या जवळची आहे, आणि पुढचा प्रश्न आला की उत्तर कोणत्या दिशेला शोधायचं ते सांगते.

आणखी एक बाब, जी फक्त विज्ञानवाल्यांना सांगावी लागते. टेबलावर किलोजूल मोजू नका. पहिल्या दिवशी मजा येते, तिसऱ्या दिवशी चारांतले दोघं मोबाइल काढतात. 314 किलोजूलचा एक मणी करा. अंगातून फार तर एक मणी, बादलीभर पाण्यातून इतके, विहिरीतून तितके, संपलं. वाटीतले मणी उचलायचे आणि ठेवायचे. मॉडेलला किती बारीक व्हायचं हे मॉडेल कुणाच्या हातात जाणार त्यावर ठरतं. घनफुटांचा फायरबॉल तिथेच हरला होता.

कल्पित जादूबद्दल बोलताना ब्रँडन सँडरसन या कादंबरीकाराचा 2007 चा नियम हमखास पुढे केला जातो. थोडक्यात असा: वाचकाला जादू जितकी कळलेली असेल, तितकीच तिच्या जोरावर कथेतली अडचण सोडवलेली समाधानकारक वाटते. कादंबरीसाठी नियम उत्तम आहे. खेळासाठी तो पुरत नाही, आणि का पुरत नाही हे तुमच्या कामाचं आहे. कादंबरीत कोणता प्रयोग व्हायचा ते लेखक ठरवतो. नायकाने शत्रूच्या अंगातली उष्णता काढायचा विचारच केला नाही, तर प्रश्न कधी उभाच राहत नाही. टेबलावर प्रयोग कोणते होणार ते इतर ठरवतात, आणि त्यांना तुमची व्यवस्था टिकवण्यात काडीचाही रस नसतो. एक आहे सादरीकरण, दुसरी तपासणी. आपल्यापैकी अनेक जण प्रस्ताव कादंबरीकारासारखा लिहितात. 'अमुक घटकाचा तमुक घटकावर होणारा परिणाम अभ्यासणे', हे उद्दिष्ट घ्या. परिणाम झाला तरी वाक्य खरं, नाही झाला तरी खरं, उलटा झाला तरीही खरं. ते काहीच नाकारत नाही. आरएसीमध्ये शांतपणे बसलेल्या एखाद्या सरांनी 'मग काय दिसलं तर तुम्ही चुकलात असं म्हणाल?' एवढंच विचारलं, की समोरच्याची बोलती बंद होते. तीन ते सहा वर्षांचा प्रश्न असतो हा, शनिवारच्या संध्याकाळचा नाही.

तेव्हा व्यवस्था लिहिली की ती प्रेमळ मित्राला दाखवू नका. ज्याला फटी शोधायची खोड आहे त्याला द्या, आणि तो बोलत असताना समजावून सांगायला जाऊ नका. कागदावर जेवढं आहे तेवढ्यावरच त्याला खेळू द्या. त्याने तीन फटी दाखवल्या, तर प्रत्येकीपुढे लिहा: ही जगाच्या तर्कातून बुजते, की ठिगळ लागतंय? तीनातली तिन्ही ठिगळं निघाली तर मनाईच चुकीची निवडली गेली आहे. मंत्र बदलून काही होणार नाही.

करून बघायला खर्च नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम एसआरडी 5.1 या नावाने 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहेत. कोष्टक पद्धत जवळून बघायची तर त्यातला मंत्रांचा भाग वाचा. आर्स मॅजिकाला दहा बाजूंचा फासा लागतो. तो आपल्याकडे गावोगावी मिळत नाही. दहा चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या स्टीलच्या वाटीत टाकल्या तरी चालतं. उचललेली चिठ्ठी दर वेळी परत टाकायची तेवढी लक्षात ठेवा, नाहीतर प्रत्येक उचलणी आधीच्या उचलणीवर अवलंबून राहील.